कच्चा टाका

टेकडीच्या पोटात दरबार भरतो तेव्हा
वर बॅलिक्रॉयच्या माळावर मेंढ्या खाली मान घालून चरत असतात,
आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसतं
की गवताखाली कुणीतरी फिडल जुळवतंय.

मी तिथं शिंपीण होते.
डोनल गिल्डेची थोरली, मुरिन.
वय सतरा, बोटं चांगली, तोंड जरा जास्त.
त्यांच्या ताटातलं खाल्लं नाही. नाव अर्धंच सांगितलं.
गाठोड्यातला सोड्याचा पाव चिमटीचिमटीनं पुरवला;
तिथली भूक तिथल्या घड्याळासारखीच आळशी.
आभार तर चुकूनही मानले नाहीत.
तिथं आभार म्हणजे गहाणखत,
अंगठाही उमटवावा लागत नाही.

लोखंडाला बंदी. म्हणून सुई काटेरी झुडपाची,
दोरा कोळ्याचा,
कात्री नाहीच, दातांनी तोडायचं.
मी असे झगे शिवले ज्यांच्या अस्तरात पहाट असते
आणि घालणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

शिंपिणीसमोर कुणी जपून बोलत नाही.
मापं द्यायला हात पसरले
की तोंडही आपोआप सैल होतं.
कुणाची सावली कुणाच्या दालनात सापडली,
गेल्या हिवाळ्यात घुबड कुणी कुणाकडे धाडलं,
सगळं माझ्या कानांत,
टाचण्यांसारखं.

तिअर्नन आला तो हातमोजे घालून.
राणीचा पुतण्या. हसला की झाडं ओशाळायची.
डॉकच्या पानात गुंडाळलेला नालेचा खिळा
माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला,
"साउइनच्या रात्री, वर्षाची शिवण उसवते तेव्हा,
ती नवा झगा घालेल. डाव्या खांद्यात, अस्तराखाली.
मग तू घरी."

दुसऱ्या दिवशी राणी सेव्ह. हात पसरून उभी.
"माझ्या पुतण्याची बोटं भाजलीत," ती म्हणाली,
"कशानं, ते मी विचारलं नाही.
तूही सांगू नकोस.
खांदा जरा ढिला ठेव."

रात्रभर जागी राहिले.
आणि झुंजूमुंजू व्हायच्या सुमाराला
(तिथं ते कधीच होत नाही, सवयीनं म्हणते)
कळलं, की खिळा दोघांनाही नकोच होता.
दोघांना शिंपीण हवी होती.
माणसाचा हात, माणसाचं लोखंड,
मग माळावरच्या घरांवर रात्री स्वार पाठवायला
कुणाची परवानगी लागणार होती?

मी झगा शिवला.
मानेपासून घोळापर्यंत, बाह्या, काजे, सगळा
कच्च्या टाक्यानं.
वरून बघाल तर पक्की टीप.

साउइनला राणी मानवंदना घ्यायला वाकली
आणि झगा सुटत गेला,
आधी खांदा, मग पाठ,
पहाट सगळ्या फरशीवर सांडली.
त्यांना उजेडाची सवय नाही.
जो तो डोळे झाकून दुसऱ्याचं नाव घेत ओरडत होता.

खिळा मी उंबऱ्यात ठोकला. जोड्याच्या टाचेनं.
लोखंड रुतलं की टेकडीचं दार मिटत नाही,
हे आजीच्याही आधीपासून सगळ्यांना माहीत आहे;
फक्त आत असताना आठवावं लागतं.

रस्त्यावर एका दुधाच्या टँकरवाल्यानं लिफ्ट दिली.
उतरताना त्याच्याकडे नुसतं बघत राहिले.
त्याला वाटलं, उर्मट आहे.

दार कीलिननं उघडलं.
मी निघाले तेव्हा अकराची होती.
आता कानांशी पांढरे केस, गळ्यात दोरीचा चष्मा,
चेहऱ्यावर आमच्या आईचा राग.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग आतून एक निळा कोट घेऊन आली,
शाळेचा, बाहीइतकाच उरलेला असावा असा छोटा.
घोळाला माझा पांढरा धावदोरा तसाच.

"उद्या पक्कं करते म्हणाली होतीस."

चहा ठेवला तिनं. मी आभार मानले नाहीत.
सुई दे, म्हटलं.
दिली. साधी, स्टीलची, डब्यातली.
बोटांना जरा चटका बसला.
तिला सांगितलं नाही.